आचार्य विनोबा : उदरव्याधी आणि चित्तप्रसाद

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचविणारा वैश्वानर अग्नी हे आपलेच रूप असल्याचे सांगितले आहे. अनेक घरांतून भोजनापूर्वी हा श्लोक भक्तिभावाने म्हटला जातो. परंतु ज्याचा हा अग्नीच मंदावला आहे, ज्याच्या आतड्यांत नित्य कळ उठते, अन्नाचे ताट समोर येताच ज्याच्या मनात तृप्तीऐवजी भयच उभे राहते, त्याने हा श्लोक कोणत्या भावनेने म्हणावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न अलीकडे प्रस्तुत लेखकास विचारला गेला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता एका थोर पुरुषाचे चरित्र नव्याने वाचण्याचा योग आला. ते चरित्र वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बंगळूर नगरीच्या उत्तरेस हेब्बाळ येथे लेखकाचे वास्तव्य आहे. तलावाच्या बाजूस राहणारी काही मराठी कुटुंबे रविवारी सकाळी एका घरी गीतापाठासाठी जमतात. त्यांत एक तरुण गृहस्थ आहेत. संगणकाच्या एका कचेरीत त्यांची नोकरी. पोटाच्या विकाराने ते चार वर्षे त्रस्त आहेत. सर्व तपासण्या झाल्या. वैद्यांनी विकाराचे नावही सांगितले. तथापि त्यांचे दुःख केवळ वेदनेचे नव्हते. कचेरीस जाताना उड्डाणपुलावर गाडी अडकली तर काय होईल, या धास्तीने ते घरून उपाशीच निघत. स्नेह्यांकडील भोजनाची आमंत्रणे नाकारता नाकारता माणसे तुटत चालली होती. घरी पत्नीवर विनाकारण संताप होई, आणि मग त्याचा पश्चात्ताप. त्यात वडीलधाऱ्यांनी, हा सारा मनाचाच खेळ आहे, असे म्हणून त्यांना अधिकच खजील केले होते. एके दिवशी पाठ संपल्यावर ते मागे थांबले आणि दोन गोष्टी विचारू लागले. आपले मन दुबळे म्हणून हा रोग झाला काय? आणि गीतेचा कोणता श्लोक जपावा म्हणजे तो जाईल?

रोग घालविणारा श्लोक सांगण्याचे धाडस लेखकास झाले नाही. मात्र गीता ज्यांच्या रोमरोमांत भिनली होती, आणि ज्यांना दुर्बळ शरीर आणि जठराचा व्रण यांसह दीर्घ आयुष्य काढावे लागले, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचे स्मरण झाले. ते आचार्य विनोबा भावे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी, आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ, वडील नरहरराव हे बडोद्यास नोकरी करणारे शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ, आणि आई रुक्मिणीबाई ही भक्तीची मूर्ती. विनायकरावांच्या अंगी लहानपणापासून वैराग्याची ओढ होती, आणि त्या ओढीपुढे शरीराची फारशी गणना नव्हती. बडोद्याच्या उन्हात अनवाणी भटकावे, मिळेल ते पुस्तक वाचावे, जेवणात काय आहे इकडे पाहूही नये, असा त्यांचा क्रम असे. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले, परंतु सुरतेस उतरून काशीस निघून गेले. तेथे अन्नछत्रात जेवावे आणि संस्कृताचे अध्ययन करावे, असे काही दिवस काढल्यावर गांधीजींची कीर्ती कानी आली, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी प्रथम भेट झाली.

आश्रमात त्यांनी अंगमेहनतीची कामे अशा निष्ठेने अंगीकारली की शरीर थकून गेले. १९१७ साली प्रकृती बिघडल्याने त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईस गेले. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रकृतीसाठी घेतलेली ही रजा त्यांनी निजून काढली नाही, आणि स्वतःला कुरतडूनही काढली नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आदी ग्रंथांचे अध्ययन केले. जे नारायणशास्त्री पुढे केवलानंद सरस्वती या नावाने विख्यात झाले, त्यांच्या पायाशी बसण्याचे भाग्य काय असते, हे आम्हां पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. त्याच वर्षी विनोबांनी शरीराचीही शाळा मांडली. आरंभी रोज दहा-बारा मैल चालावे, पुढे जात्यावर सहा ते आठ शेर धान्य दळावे, मग सूर्यनमस्कार वाढवीत वाढवीत तीनशेपर्यंत न्यावेत, असा त्यांचा प्रयोग चालला. आहारातून मसाले वर्ज्य होतेच. मीठही काही महिन्यांनी सोडले. दूध, केळी, लिंबू असा साधा आहार ठेवला. महाराष्ट्रातील गडकिल्ले पाहत सुमारे चारशे मैलांची पायी यात्रा केली, आणि वाटेत गीतेवर प्रवचने दिली. या साऱ्याचा वृत्तान्त त्यांनी १९१८ च्या फेब्रुवारीत गांधीजींना पत्राने कळविला. आणि वर्ष पुरे होताच, ठरल्या दिवशी, ते आश्रमात परत हजर झाले.

आता या प्रयोगाकडे पाहून कोणी केवळ टाळ्या वाजवील तर ते पुरेसे नाही. शरीर आज्ञेत राहावे ही जिद्द त्यात होती, पण शरीराचेही काही म्हणणे असते, ते ऐकून घ्यावे, हा धडा मात्र अद्याप शिकावयाचा होता. तो शिकण्यास पुढे वीस वर्षे लागली.

१९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्ल्युएंझाच्या साथीच्या त्या भयंकर दिवसांत, त्यांची आई गेली. अंत्यविधीच्या रीतीबाबत मतभेद झाल्याने ते स्मशानात गेले नाहीत. घरीच स्नान करून वेदाध्ययनास बसले. आईच्या जाण्याने पडलेली पोकळी त्यांनी श्रुतिमातेच्या सेवेने भरून काढण्याचा यत्न केला. आईला गीता समजून घ्यावयाची होती, आणि उपलब्ध मराठी अनुवाद तिला कठीण वाटत. तिची ती इच्छा त्यांच्या मनात बारा वर्षे जिवंत राहिली, आणि १९३०–३१ साली गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद, म्हणजेच गीताई, तिच्या रूपाने ती पूर्ण झाली. अनुवादाच्या कार्यात आयुष्य घालविणाऱ्यास हा प्रसंग फार बोलका वाटतो. दुःख दाबून टाकले तर ते शरीरात जाऊन बसते. त्याला एखाद्या सेवेची वाट मोकळी करून दिली तर तेच शक्ती होते.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले आणि तेथील आश्रमाचे काम त्यांनी हाती घेतले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली आणि गीता-प्रवचने या नावाने ती आज घरोघरी आहेत. त्यांतील सहाव्या अध्यायावरील विवेचनात ध्यानयोगाची तीन अंगे सांगितली आहेत : चित्ताची एकाग्रता, त्या एकाग्रतेस उपकारक अशी जीवनाची परिमितता, आणि समदृष्टी. आहार, विहार, निद्रा, जागृती आणि कर्म या सर्वांना माप असावे, हा गीतेचा युक्ताहारविहाराचा उपदेश त्यांनी तेथे मोठ्या मार्मिकपणे उलगडला आहे. अति खाणाऱ्यास योग नाही हे सर्वांस पटते. परंतु मुळीच न खाणाऱ्यासही योग नाही, असे भगवंत त्याच श्लोकात सांगतात, हे विरक्तास सहजी पटत नाही.

विनोबांनाही ते अनुभवानेच पटावयाचे होते. वर्ध्याजवळ नालवाडीस राहत असता, सूत कातून उपजीविका करणाऱ्या गरिबाच्या मजुरीत माणूस जगू शकतो काय, हे स्वतः पाहावे म्हणून ते दिवसाचे कित्येक तास कातीत आणि त्या मजुरीच्या मर्यादेत आपला आहार बसवीत. हेतू अत्यंत उदात्त होता. पण सोसण्यालाही माप असते. १९३८ साली त्यांचे वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर, म्हणजे अवघ्या चाळीस किलोंवर आले. शरीर अस्थिपंजर झाले. वार्ता सेवाग्रामास गांधीजींच्या कानी गेली, आणि त्यांनी विनोबांस बोलावून घेऊन, आपल्यापाशी येऊन राहावे, आपण शुश्रूषा करू, असे सुचविले. गांधीजींच्या डोक्यावर किती कामे आणि किती रोगी आहेत हे विनोबा जाणून होते. त्यांनी विनयाने नकार दिला. मग डॉक्टरांचा विषय निघाला, एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विषय निघाला. अखेर विनोबांनी वर्ध्यापासून थोड्याच अंतरावरील पवनार पसंत केले. तेथे धाम नदीच्या काठी टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता.

७ मार्च १९३८ रोजी त्यांना मोटारीत घालून पवनारास नेण्यात आले. मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी संन्यासग्रहणाच्या वेळी उच्चारावयाचे वचन तीन वेळा उच्चारले. घरदार तर त्यांनी बावीस वर्षांपूर्वीच सोडले होते. मग आता सोडावयाचे उरले होते काय? उरला होता तो कार्याचा भार. आश्रमाची चिंता, सहकाऱ्यांची चिंता, पुढील योजना, मागील चुका, या सर्वांचा संन्यास त्यांनी त्या पुलावर केला. शरीर बरे व्हावयाचे असेल तर ज्या मनाने त्यास राबविले त्या मनालाही विसावा हवा, हे त्यांनी ओळखले. पुलाच्या अलीकडे कर्म ठेवले आणि पलीकडे रिकामे मन घेऊन ते गेले.

पवनारास त्यांचा दिनक्रम अगदी साधा होता. विचार करावयाचा नाही. थोडे हिंडावयाचे, पुष्कळसा विसावा घ्यावयाचा आणि शेतात थोडेसे खणावयाचे. खणणेही प्रारंभी काही मिनिटांचेच. शक्ती वाढेल तसतसा वेळ वाढवावयाचा. ज्या पुरुषाने वाईस तीनशे सूर्यनमस्कार घातले त्याने येथे मोजक्या मिनिटांत कुदळ खाली ठेवावी, यातच त्यांची खरी प्रगती दिसते. शक्तीच्या पुढे जाण्याचा मोह जसा त्यांनी आवरला, तसाच शक्तीच्या मागे राहण्याचा मोहही आवरला. दहा महिन्यांत वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवरून एकशे अठ्ठावीस पौंडांवर गेले. आणि त्याच पवनारच्या भूमीत खणताना त्यांना एक प्राचीन शिल्प मिळाले. त्यात राम आणि भरत यांची भेट कोरलेली होती. भक्तीच्या विवेचनात भरताचे उदाहरण त्यांनी सहा वर्षांपूर्वीच धुळ्यास दिले होते. बरे होण्यासाठी म्हणून जी जमीन खणली तिच्यातून आराध्य वर यावे, याला ते ईश्वरी प्रसाद मानीत.

त्यानंतरचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली. १९४२ च्या आंदोलनात पुन्हा कारावास घडला. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चारही भाषांचे अध्ययन केले. पुढे सिवनीच्या तुरुंगात १९४४ साली दुसऱ्या अध्यायाच्या शेवटच्या अठरा श्लोकांवर त्यांनी व्याख्याने दिली. तीच स्थितप्रज्ञ-दर्शन या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या श्लोकांत प्रसाद हा शब्द येतो. प्रसाद म्हणजे चित्ताचा निर्मळपणा. गढूळ पाणी स्वस्थ ठेवले असता तळ दिसू लागतो, तशी मनाची अवस्था. चित्त प्रसन्न झाले की सर्व दुःखांचा ऱ्हास होतो, असा गीतेचा अभिप्राय आहे. आता येथे सूक्ष्म विचार केला पाहिजे. दुःख आणि वेदना या दोन भिन्न वस्तू आहेत. वेदना शरीराची, ती औषधाने, पथ्याने, कालाने जाईल अथवा न जाईल. दुःख म्हणजे त्या वेदनेभोवती मनाने विणलेले भय, लाज, चीड आणि उद्याची धास्ती. चित्तप्रसादाने हे दुसरे जाते. विनोबांच्या पुढील आयुष्यात हा भेद प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दिली, आणि भूदानयज्ञ सुरू झाला. तेव्हा विनोबांचे वय पंचावन्न होते. पोटात व्रणाचा, म्हणजे लहान आतड्याच्या प्रारंभी होणाऱ्या अल्सरचा विकार जडलेला होता. अशा प्रकृतीचा मनुष्य घरी राहून पथ्य सांभाळता तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु ते चालावयास निघाले आणि तेरा वर्षे चालतच राहिले. पहाटे तीनच्या सुमारास उठावे, प्रार्थना करावी, अंधारातच कंदिलाच्या उजेडात वाट धरावी, दहा-बारा मैल चालून पुढच्या गावी मुक्काम करावा, असा नेम. रोज नवे गाव, नवे पाणी, नवी माणसे. आणि प्रत्येक गावी सत्काराचे ताट वाढलेले. त्यांनी ती सर्व ताटे बाजूस ठेवून दही, दूध, मध असे मोजके पदार्थ, अगदी थोड्या थोड्या प्रमाणात, दिवसातून अनेक वेळा घेण्याचा नियम ठेवला. त्या नियमाबद्दल त्यांना ना संकोच वाटला, ना त्यांनी त्याचे कौतुक करवून घेतले. पोट जसे आहे तसे बरोबर घेऊन ते निघाले. पोट बरे होईल, मग कार्य करीन, असा करार त्यांनी दैवाशी केला नाही.

१९५२ च्या डिसेंबरात, त्या वेळच्या बिहारमधील चांडिल येथे, त्यांना घातक स्वरूपाचा मलेरिया झाला. ताप चढत गेला. देह वाचेल की नाही अशी शंका उत्पन्न झाली. आरंभी औषध घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. ईश्वराच्या इच्छेवर सर्व सोपवावे असा त्यांचा कल होता. परंतु सहकाऱ्यांची व्याकुळता आणि थोरामोठ्यांचा आग्रह पाहून अखेर त्यांनी औषध घेतले, ताप उतरला, आणि काही काळाने यात्रा पुढे चालू झाली. आमच्या मते हा प्रसंग धाम नदीच्या पुलाइतकाच महत्त्वाचा आहे. पुलावर त्यांनी कर्तृत्वाचा अभिमान सोडला होता. चांडिलास त्यांनी वैराग्याचा आग्रहही सोडला. ईश्वराची इच्छा वैद्याच्या हातूनही प्रकट होते, हे मान्य करण्यास मोठे मन लागते.

१९५७ साली यात्रा कर्नाटकात आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात म्हैसूरजवळ येलवाळ येथे ग्रामदानाचा विचार करण्यासाठी निरनिराळ्या पक्षांचे पुढारी त्यांच्यासमवेत बसले. याच भूमीत त्यांनी जय जगत् हा घोष दिला. वेल्लोरास शिकलेली कन्नड येथे उपयोगी पडली. आमच्या बंगळुरातील वल्लभनिकेतन हा त्यांच्या सहा आश्रमांपैकी एक, आणि तो त्यांचे सहकारी वल्लभस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. हेब्बाळच्या वाचकांस तो फारसा दूर नाही.

यात्रेत यशच मिळत गेले असे मात्र नव्हे. पाच कोटी एकरांचा संकल्प होता. मिळाली ती चाळीस लाख एकरांहून काहीशी अधिक जमीन, आणि त्यातलीही पुष्कळ नापीक किंवा वाटपाविना पडून राहिली. टीकाकारांनी त्यांना भोळे ठरविले. एवढ्या मोठ्या संकल्पाचे असे झाले तर निरोगी माणसाच्याही पोटात गोळा उठावा. विनोबांनी मात्र मागणे हे आपले काम, फळ हे ईश्वराचे, ही भूमिका ढळू दिली नाही. १९६४ साली ते पवनारास परत आले. १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारातच राहण्याचे ठरविले. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली, तीही त्यांनी सोसली. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अंतसमय ओळखून सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाने अन्नपाणी थांबविले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. तो अखेरचा निर्णय मृत्यूच्या दारी उभ्या असलेल्या एका संन्यस्त वृद्धाचा होता. जगू पाहणाऱ्या रोग्याने त्याचे अनुकरण करू नये.

आता हेब्बाळच्या त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. दुबळ्या मनामुळे रोग होतो काय? विनोबांच्या काळी जठराचा व्रण हा चिंतेचा रोग समजला जाई. योगायोग असा की ज्या १९८२ साली विनोबा निवर्तले, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन वैद्यांना जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. बहुतेक व्रण या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनामुळे होतात, आणि जंतू असल्यास काही दिवसांच्या औषधाने तो नष्ट करता येतो, असे पुढे सिद्ध झाले. त्या दोघांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या रोग्यांना कित्येक दशके त्यांच्या काळजीखोर स्वभावाबद्दल बोल लावला गेला, त्यांपैकी पुष्कळांचा अपराध एवढाच होता की त्यांच्या पोटात एक जंतू होता. तेव्हा रोग्यास दोष देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी थोडे थांबावे.

परंतु मनाचा पोटाशी संबंधच नाही, असेही नाही. मेंदू आणि आतडी यांना जोडणारी मोठी नाडी आहे, आणि तिच्यातून निरोप दोन्ही दिशांनी जातात. भयाने आतड्यांची गती बदलते, वेदनेची जाणीव तीव्र होते. आणि पोट दुखले की भय वाढते. आयबीएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात, जेथे तपासणीत जखम दिसत नाही, तेथे हे चक्र विशेष प्रबळ असते. ती वेदना खरीच असते, कल्पित नव्हे. आणि अशा विकारात मनाला वळण लावणारे शास्त्रीय उपचारही गुणकारी ठरतात, असे आजचे वैद्यक सांगते. सारांश, मन हे रोगाचे जनक असेलच असे नाही; पण ते रोगाचे पोषण करू शकते आणि त्याचे शमनही करू शकते. धाम नदीचा पूल या दुसऱ्या कामाचा आहे.

एक इशारा येथे दिला पाहिजे. विनोबा दूध आणि मध घेत म्हणून आपणही तेच घ्यावे, हे अनुकरण योग्य नव्हे. त्या काळी व्रणावर दूध हे पथ्य मानीत. दुधाने क्षणभर आराम पडला तरी पुढे जठरातील आम्ल वाढते, असे आता कळले आहे. आणि कित्येकांस दूध पचतच नाही. आपले पथ्य आपल्या वैद्यांना विचारून ठरवावे. वजन अकारण घटणे, काळे शौच, उलटीतून रक्त जाणे, ही लक्षणे दिसली तर पाठ आणि जप बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. चांडिलचा प्रसंग त्यासाठीच आठवावा. एकादशीचा उपवास वैद्यांनी वर्ज्य सांगितला असेल तर तो न करणे हाच त्या दिवशीचा युक्ताहार होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या गृहस्थांस असे दिले. सहाव्या अध्यायातील युक्ताहारविहाराचा श्लोक आपण नित्य म्हणावा, पण रोग घालविणारा मंत्र म्हणून नव्हे, दिवस मोजण्याचे माप म्हणून. किती खाल्ले याबरोबरच किती काम केले, किती झोपलो, किती धास्ती बाळगली, हेही रात्री त्या मापाने मोजावे. उपाशी निघण्याऐवजी थोडेसे खाऊन निघावे. स्नेह्यांना आपले पथ्य संकोच न करता एकदाच सांगावे आणि आमंत्रण स्वीकारावे. विनोबांनी गावोगावी सत्काराचे ताट नम्रपणे बाजूस ठेवले, परंतु माणसांकडे कधी पाठ फिरविली नाही. आणि कचेरीतून परतताना हेब्बाळचा उड्डाणपूल लागतो, तेथे त्या दिवसाच्या कामाचा भार मनातल्या मनात खाली ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो तेथेच मिळेल. त्याला कोणी उचलून नेणार नाही.

त्यानंतर काही महिने गेले. त्यांचा विकार समूळ गेला असे म्हणता येणार नाही. अधूनमधून कळ येते. पण मागच्या रविवारी पाठ झाल्यावर सर्वांबरोबर ते जेवावयास बसले. त्यांच्या पत्नीने घरून त्यांच्यासाठी मऊ भात आणला होता, तो त्यांनी पानात घेतला, वैश्वानराचा श्लोक सर्वांबरोबर म्हटला, आणि सावकाश चार घास खाल्ले. अग्नी मंद असला तरी तो भगवंतांचाच आहे. त्याला झेपेल एवढेच इंधन घालावे आणि त्याच्यावर रागावू नये, एवढे त्यांना उमगले असावे. विनोबांच्या चरित्रातून आपणां सर्वांसही एवढे उमगले तरी पुष्कळ झाले.